दोरीवरचा अंतरपाट

समोरच्या गच्चीवर मनवा आणि तिचा होणारा नवरा स्वतःच्या लग्नाचा अंतरपाट रंगवत होते. सगळी सजावट दोघंच करताहेत. आठ दिवस त्यांचं झेंडू की शेवंती यावरून कडाक्याचं भांडण चाललंय. आज कापड दोरीवर टाकून, उंची पुरते का बघायला, दोघं दोन बाजूंना उभे राहिले आणि भांडण तिथंच थांबलं.

“आहेस ना रे?” तिनं विचारलं.

“आहे ना.” कापडाआडून उत्तर आलं.

एवढंच तर विचारायचं असतं. आम्ही मात्र मंगलाष्टकांच्या गडबडीत ते विसरलो, ते विसरलोच.

मी घरात आले. आमच्या ह्यांचा चेहरा नेहमीसारखा पेपरामागे.

“आहात ना?” मी विचारलं.

पेपर सावकाश खाली आला.