गचका न देता

माणूस दमलेला असताना त्याला नवीन काही शिकायला लावू नये, या मताची मी आहे. पण आमच्याकडे मला विचारतो कोण! नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, ते कमरेला पट्टा बांधून पलंगावर पडले आणि अंगणातली गाडी कव्हर घालून उभी राहिली. टाके निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, एक दिवसाआड व्यायामाला न्यायचं, चुकवायचं नाही, तरच ते धड चालायला लागतील. आणि नेताना गचके बसू द्यायचे नाहीत.

सांगायला काय जातंय! आम्ही होटगी रोडला राहतो आणि व्यायामाचं ते सेंटर रेल्वेपुलाच्या पलीकडं. मधला रस्ता कसा आहे ते सोलापूरकराला सांगायची गरज नाही. पहिल्यांदा रिक्षानं गेलो. प्रत्येक स्पीडब्रेकरला ते दात दाबून श्वास आत ओढायचे, आणि घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. चहासुद्धा घेतला नाही. मग शेजारच्यांनी काही दिवस त्यांच्या गाडीतून नेलं. चांगली माणसं आहेत, पण चांगल्या माणसालाही स्वतःची कामं असतातच की. मोबाईलवरून गाडी बोलवावी तर तो ड्रायव्हर अशी हाणायचा, की रिक्षा बरी म्हणायची वेळ आली.

वैरागची नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, गाडी दारात हाय, मग तुमीच का शिकत न्हाय?" मला असा राग आला! पहाटे उठून भाकऱ्या, मग त्यांचं अंग पुसणं, मग माझी सकाळच्या शाळेतली नोकरी, दुपारी पुन्हा त्यांचं जेवण आणि औषधं. त्यात आता गाडी. पण फोन ठेवल्यावर वाटलं, दुसरा आहे कोण? पन्नाशीला आलेली मी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन नाव घालून आले.

तिथला शिकवणारा मोठा गोड बोलायचा. "मॅडम, टेन्शन घ्यायचं न्हाय. तुमी फक्त स्टेअरिंग बघा." शेजारच्या सीटवर बसून तो निम्मा वेळ फोनवर बोलत असायचा. गाडी मात्र लोण्यासारखी चालायची. एक गचका नाही, एकदा बंद पडणं नाही. मी मनातून हरखले. शाळेतल्या बाईंना सांगितलंसुद्धा, अहो, काही अवघड नसतं, उगाच घाबरतो आपण. लायसनही मिळालं.

मग घरची गाडी काढली. चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडीनं अशी उडी मारली, की माझं कपाळ स्टेअरिंगवर आपटलं. गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. मी भीत भीत शिकवणाऱ्याला फोन लावला. तो हसत म्हणाला, "अहो मॅडम, माझ्याकडं पण क्लच असतो की. मीच दाबत होतो. सगळ्यांचाच दाबतो, न्हायतर गाडीची वाट लागंल." म्हणजे इतके दिवस मी नुसतं चाक धरून बसले होते आणि पाय त्याचा होता! मी कपाळावर हात मारून घेतला.

तरी हट्टानं मी एकदा ह्यांना घेऊन निघालेच. सीट कलती करून, पाठीशी चादरीची घडी घालून त्यांना शेजारी बसवलं. पट्ट्यामुळं त्यांना इकडंतिकडं वळता येत नव्हतं. ते समोर बघत बसले होते. पुलाच्या चढावर पुढची बस थांबली, मलाही थांबावं लागलं, आणि निघताना गाडी गचका देऊन बंद पडली. परत सुरू केली, परत गचका. मागं टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. तिसऱ्या गचक्याला त्यांच्या तोंडून "आई गं" आलं. एवढी वर्षं संसार केला, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी चावीवरचा हात काढून घेतला. शेवटी एका वाटसरूनं खिडकीतून हात घालून स्टेअरिंग धरलं, बाकीच्यांनी ढकललं, आणि गाडी उतारावर गेली.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रिक्षानंच जाऊ."

रागावले असते तर परवडलं असतं. मी तोंडाला येईल ते बोलले. मला काय हौस आहे का, चाललंय कुणासाठी, जा मग रिक्षानं, नाहीतर चालत जा. चालत जा म्हणाले मी! आत जाऊन पीठ मळायला लागले आणि त्या पिठातच रडले.

पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा गाडी काढली. आमची गल्ली सरळ आहे आणि दुपारी तिथं कुत्रंही फिरकत नाही. स्टेअरिंगला हात लावला तर पोळत होता. रुमाल गुंडाळून मी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, थांबायचे, परत निघायचे. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते ऐकायचे. चिंचोळी एमआयडीसीला त्यांनी ह्याच गाडीनं जाऊन-येऊन नोकरी केली. गाडीच्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते त्यांना कळतं. बायकोचं कळत नाही, ते सोडा.

"सोड... सोड... हळू... हां, थांब हितं! आता रेस दे!"

"देतेय की!"

"लई दिलीस! विमान उडवायचंय का?"

अशी भांडणं. समोरच्या खिडकीतून बघणारी बघायची. मला लाज वाटायची बंद झाली होती, दमलं की लाजही दमते. हळूहळू गाडी थोडी वळणावर आली. रेस न देता, नुसता क्लच सोडून गाडी मुंगीसारखी पुढं न्यायची, हे मला जमायला लागलं. पण भरवसा नव्हता. एकदा अलगद निघायची, पुढच्या वेळी धाडकन. गिअर टाकताना कर्रकन आवाज यायचा. "क्लच पुरता दबत न्हाय तुझा," ते पडवीतून म्हणायचे. मी म्हणायचे, दाबतेय हो, अजून किती दाबू? आणि रिक्षातून त्यांना आणलं की पुन्हा ते भिंतीकडं तोंड. व्यायामाला जायचंच नाही, असं आता म्हणायला लागले होते. पाय आधीच वाळत चाललेला.

एका दुपारी मी गल्लीच्या टोकावरून वळून आले तर ते फाटकाशी उभे. वॉकर धरून, घामानं डबडबलेले, पायऱ्या उतरून एकटे आलेले. मी ओरडणार तेवढ्यात ते माझ्या खिडकीशी वाकायचा प्रयत्न करत म्हणाले, "पाठीमागं ती उशी कशाला?"

मी चावी फिरवून गाडी बंद केली.

"अगं, उशी कशाला?"

"पाय पुरत नाहीत," मी म्हणाले.

"मग सीट पुढं घ्यायची."

आता काय सांगायचं? ती सीट त्यांची. उंच माणूस, लांब पाय, त्यांनी एकदा ती मागं सरकवून बसवली ती तिथंच. सर्व्हिसिंगला कुणी हलवली तरी आठवडाभर कुरकुर करायचे. ते पडल्यापासून माझा हात सीटखालच्या खटक्याकडं जायचा आणि मागं यायचा. सीट पुढं घेतली तर त्याचा अर्थ काय होईल, असं वाटायचं. म्हणून पाठीशी उशी घालून, पायाच्या चवड्यावर मी ती गाडी चालवत होते. उशी दबायची, पाय निसटायचा आणि गाडी गचका द्यायची.

"तुम्ही बरे झालात की परत मागं घ्यावी लागेल," मी म्हणाले. "कशाला उगाच."

त्यांनी बाहीनं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "न्हाय घ्यावी लागणार."

"असं कोण म्हणालं? डॉक्टर तसं काही बोलले नाहीत."

"तू विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती.

"मी विचारलं," ते म्हणाले. "घरी सोडलं त्या दिवशी. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. चालायला येईल म्हणाले. गाडी विसरा म्हणाले."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

"तुज्या तोंडाकडं बघून जमलं न्हाय."

मला इतका संताप आला, की वाटलं, त्यांना तिथंच सोडून आत निघून जावं. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी गप्प. मी मनात सगळं धरून बसलेली, तरी गप्प. आणि आम्हा दोघांच्या गप्प बसण्याचे गचके त्यांच्या त्या कापलेल्या मणक्याला. मी उशी ओढून मागं फेकली, खाली हात घालून खटका दाबला. सीट इतक्या वर्षांत तिथंच घट्ट झालेली. दोन्ही पाय रोवून हिसका दिला तेव्हा खडखडत पुढं आली. क्लच दाबला. टाच खाली टेकलेली, पाय शेवटपर्यंत गेला.

"बसा," मी म्हणाले. "आज व्यायामाचा दिवस आहे."

गल्लीतून निघालो ते त्यांना कळलंसुद्धा नसेल. पुलाच्या चढावर पुन्हा गर्दीनं अडवलं. मी हॅन्डब्रेक ओढून थांबले. पुढचा हलल्यावर क्लच हळू सोडत आणला, गाडी थरथरली तशी पाय तिथंच धरला, ब्रेक सोडला. गाडी सरकली. मी त्यांच्या श्वासाकडं कान देऊन होते. श्वास नेहमीसारखा चालू होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं एवढंच वाटलं, की आता हेही काम कायमचं माझ्याकडं आलं.

सेंटरच्या झाडाखाली गाडी लावली आणि त्यांना उतरवायला मी दार उघडणार, तर ते म्हणाले, "थांब जरा." एका हातानं कंबर धरून त्यांनी दुसरा हात वर नेला. मधला आरसा अजून त्यांच्याच उंचीला होता, त्यात मला नुसतं गाडीचं छत दिसायचं. तो त्यांनी माझ्याकडं वळवला. थोडा खाली, थोडा उजवीकडं.

"दिसतंय का आता मागचं?"

"दिसतंय," मी म्हणाले. दिसत काहीच नव्हतं, डोळे भरून आले होते.