ताटातल्या सात्या

आमच्या आसगावच्या घरी सात्यांची जागा सुनेला सांगतात, लेकीला नाही. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या रानातल्या अळंब्या. वारूळ वर्षानुवर्षं तेच राहतं, आणि ज्याला ते माहीत त्याचं ते. लेक दुसऱ्याच्या घरी जाते आणि जागाही सोबत नेते, असं माय म्हणायची. लहानपणी ती सकाळीच ओलीचिंब होऊन पदरात सात्या घेऊन यायची. मी विचारलं की म्हणायची, "खाय न गुमान. तुले कायले पाह्यजे जागा?"

लग्न होऊन मी साकोलीला आले. पुढे धाकट्या भावाचं लग्न झालं आणि पहिल्याच श्रावणात माय वहिनीला सोबत घेऊन गेली. वहिनी वाटेवर राखणीला उभी राहायची, कोणी येते का ते पाहायची, सात्या मायच तोडायची. पण जागा तिला माहीत झाली. हे मला किती लागलं ते मी कधी कोणाला बोलले नाही. मी तशी कमीच बोलते.

त्याचाच राग असेल, मी फोनवरच्या एका ग्रुपात शिरले. गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळा झाला तरी ग्रुप दोन्ही जिल्ह्यांचा होता. लोक अळंब्यांचे, किड्यांचे, साप-पाखरांचे फोटो टाकायचे आणि जाणकार नाव सांगायचे. आंबागडकडचे एक रिटायर फॉरेस्टर नुसत्या सालीवरून झाड ओळखत. अळंब्यांचं काम साकोलीच्या एका मॅडमकडे होतं. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, कडक बाई. आमच्या झेरॉक्सच्या दुकानात यायच्या तेव्हा मी त्यांच्याकडून शिकत गेले. दोनतीन पावसाळ्यांत मीही नावं सांगू लागले. लोक "ताईंना विचारा" म्हणू लागले. बरं वाटायचं.

मॅडमचा एकच नियम होता. बुडखा दिसल्याशिवाय खायची की नाही ते सांगायचं नाही. सात्याचा दांडा मुळासारखा निमुळता होत खोल वारुळात जातो. जीव घेणाऱ्या पांढऱ्या अळंबीच्या बुडाला मातीत वाटीसारखं कवच असतं. वरून दोघी बहिणी-बहिणी वाटू शकतात. आणि आमच्याकडचे लोक नेमका बुडखाच दाखवत नाहीत. जमिनीलगत तोडतात, वर पाला पसरतात, घरी आणून धुतात आणि फोटो ताटातला पाठवतात. जागेवर काढला तर मागचं झाड, बांध दिसेल, कोणी ओळखेल. मॅडम चिडायच्या, "अरे, मला तुमची जागा नको, मुळी दाखवा!"

त्या वर्षी भादव्यात मायच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वहिनी पहिल्यांदाच एकटी गेली. सकाळी दुकानात असताना तिचा मेसेज आला. स्टीलच्या ताटात धुतलेल्या सात्या, खाली लिहिलेलं, "ताई, ह्या त्याच हायेत न? काही वारुळाच्या बाजूले होत्या. मायले दिसत नाई."

मी बुडखा मागायला हवा होता. दुसऱ्या कोणालाही मागितलाच असता. पण जिला जागा सांगितली तिलाच सात्या ओळखता येत नाहीत, आणि ती मला विचारून राहिली आहे, याचा मला जो आनंद झाला, त्यात मी लिहून टाकलं, "सात्याच व. खा बिनधास्त."

दुपारी वहिनीचा फोन. भावाला उलट्या होत होत्या, घाम सुटला होता, त्याला पवनीच्या दवाखान्यात नेत होते. जेवणात त्यानं भाजी दोनदा घेतली होती, वहिनीनं थोडी. मायला डोळ्याचं पथ्य होतं.

फोन ठेवल्यावर मी पहिलं काय केलं, तर माझा मेसेज उडवला. माझ्या फोनवरून, तिच्याही. मग नवऱ्याला म्हटलं, गाडी काढा.

दवाखान्यात भाऊ सलाइन लावून पडला होता. तोंडाला लाळ, डोळे अर्धवट. माय काळा चष्मा लावून बाकड्यावर बसली होती आणि वहिनीला बोलत होती.

"तुले डोळे नव्हते का व? माह्या लेकराले काय चारलंस?"

वहिनी खाली मान घालून उभी. मी तिच्या शेजारी उभी.

तेवढ्यात डॉक्टर आले. पोरगेलेच होते. म्हणाले, "सकाळी यांनी धानावर फवारणी केली म्हणता, तोंडाला काही न बांधता. हे फवारणीच्या औषधाचं असू शकतं, अळंबीचंही. दोन्हीची काळजी घेतो. पण अळंबी विषारी असेल तर बरं वाटूनही नंतर लिव्हर जातं, मग नागपूरला हलवावं लागेल. कोणी ओळखू शकेल का?"

मी बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, माझं सोडून. मॅडम म्हणाल्या, "जीव घेणारीची उलटी उशिरा सुरू होते, पण लवकर झाली म्हणून निर्धास्त होऊ नको, दोन जाती मिसळल्या असतील. तोडलेले बुडखे अजून जमिनीत असतील. जा, उकरून सगळ्यांचे फोटो पाठव. एकही सोडू नको."

मी मायला सांगितलं. माय वहिनीकडे वळून हळूच म्हणाली, "तू जा. हिले नको नेऊ."

पोटचा पोरगा आत पडलेला, आणि हे! मला रडू यावं की हसू, कळेना. पण त्या बोलण्यानंच माझं तोंड उघडलं.

"माय, तिनं मले इचारलं होतं. मीच म्हटलं खा म्हून. न पाहता म्हटलं. तिले बोलू नको."

मायनं काळा चष्मा माझ्याकडे वळवला. म्हणाली, "जा दोघी. कोयता घेऊन जा."

नवऱ्यानं आम्हाला तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी सोडलं. तिथून पायी. वहिनी पुढे, मी मागे. मध्येच ती न वळता म्हणाली, "ताई, तुमी उडवला, पण मी वाचला होता."

"मंग मायसमोर सांगितलं काहून नाही?"

"तुमी सांगान म्हून वाट पाहून राहिली होती." मग थांबून, "आणखी जरा वेळ लावला असता न, तर सांगतच होती मी."

वारूळ एका बेहड्याच्या झाडाखाली होतं. एवढंसं. मी काय काय कल्पना केल्या होत्या! वहिनीनं पाला सारला. मी कोयत्यानं माती सैल करत गेले. प्रत्येक बुडखा खाली निमुळता, काळपट शेपटीसारखा, खोल गेलेला. बाजूचे तेही तसेच. एकालाही वाटी नाही. वहिनी फोटो काढत होती, धूसर आले ते परत काढत होती.

पाळीवर चढल्यावर रेंज आली. मॅडमचा फोन लगेच आला. "सगळ्या सात्याच आहेत. डॉक्टरांना माझ्याशी बोलू दे." मी म्हटलं, "मॅडम, मी सकाळी बुडखा न पाहता हो म्हटलं होतं." "बरोबर निघालं हे तुझं नशीब," त्या म्हणाल्या, "ज्ञान नव्हे. ग्रुपवर लिही तसं." मी लिहिलं. उडवलं नाही.

दवाखान्यात पोचलो तोवर मॅडम डॉक्टरांशी बोलून झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "मग फवारणीचंच. त्याला औषध लागू पडतं आहे. रात्रभर ठेवू, पण नागपूर नको." भावाचे डोळे उघडे होते. त्यानं वहिनीला विचारलं, "भाजी उरली का?"

"उकिरड्यावर फेकली," वहिनी म्हणाली.

"सारी?"

"गंजासकट!"

माय बाकड्यावरून ओरडली, "गंज कायले फेकला व? चांगलं पितळेचं भांडं होतं ते!" आणि भाऊ हसायला गेला, त्याला खोकला आला, नर्स आम्हा सगळ्यांना बाहेर व्हा म्हणाली.

बाहेर आल्यावर मला एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. फाटकासमोरच्या गाडीवर मी आणि वहिनीनं चना-पोहा घेतला. वर तिखट रस्सा. तिच्या नाकातून, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आम्ही दोघी उभ्या उभ्या खात होतो. तिनं न विचारता अजून एक प्लेट सांगितली.