शिवेबाहेर गेलेला पिवळा ड्रम

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागतो. उभ्या नोकरीत माझ्या हातून जे लिखाण झाले ते स्टेशन डायरी, पंचनामे आणि जबाब एवढेच. त्यात शोभा आणण्याची मुभा नव्हती आणि खरे सांगायचे तर कुवतही नव्हती. निवृत्तीनंतर सेलूला राहायला आलो, तेव्हा काही स्नेह्यांनी एखादे प्रकरण लिहून काढण्याचा आग्रह धरला. नकार देण्याचे धैर्य न झाल्यामुळे हा प्रयत्न करीत आहे. प्रकरणातील कोणाचेही आणि कोणत्याही गावाचे नाव घेणार नाही. वाक्ये कुठे पंचनाम्यासारखी वाटली तर ती सवय समजून सोडून द्यावीत.

अनेक प्रकरणे विसरलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती एक सकाळ मात्र अजून जशीच्या तशी समोर उभी राहते.

त्या वेळी मी वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नागपूर–हैदराबाद महामार्गालगतच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दक्षिणेतील एका कारखान्यात अणुभट्ट्यांसाठी इंधन तयार होते आणि त्याच्या गाड्या अधूनमधून बंदोबस्तात आमच्या हद्दीतून उत्तरेकडे जात. कारखान्याच्या भिंतीच्या आत आणीबाणीत कोणी काय करायचे हे सगळे ठरलेले होते. आग लागली तर कोण धावेल, भोंगा कोण वाजवील, कामगार कुठे जमतील, सगळे. पण गाडी फाटकाबाहेर पडून आमच्या हद्दीत उलटली तर काय, याचे उत्तर आमच्या कपाटातील एका फायलीत होते आणि ती फाइल कोणी उघडत नसे.

ते उत्तर फायलीतून रस्त्यावर आणण्याचे काम कारखान्याच्या एका सुरक्षा अधिकारी बाईंनी अंगावर घेतले. वयाने तरुण, बोलण्यात नेमक्या. त्यांचे म्हणणे असे की, हे नवे, भट्टीत न वापरलेले इंधन बॉम्बसारखे फुटत नाही. बंद डब्यात असताना दुरून जाणाऱ्याला त्याचा त्रासही नाही. भीती आहे ती लोकांच्या झुंबडीची. महामार्गावर तेलाचा टँकर उलटला की लोक डबे घेऊन धावतात हे मी स्वतः पाहिले होते. म्हणून त्यांना गावकऱ्यांसह रंगीत तालीम करायची होती. रस्त्याकडेला खरा ड्रम ठेवायचा, आत फक्त रेती, बाहेर किरणोत्साराची तीन पात्यांची पिवळी खूण, आणि लोक काय करतात ते पाहायचे.

त्यांच्या वरिष्ठांना हे पसंत नव्हते. खेड्यातल्या माणसांवर भिस्त ठेवता येत नाही, तालीम कारखान्याच्या आवारात कामगारांना घेऊन करा, असे त्यांचे मत. बाईंनी हट्टाने परवानगी मिळवली होती. आदल्या आठवड्यात त्यांनी महामार्गालगतच्या तीन गावांत सभा घेतल्या, पिवळी खूण दाखवली आणि तालमीच्या ड्रममध्ये फक्त रेती असेल हेही सांगितले. हात लावू नका, जवळ जाऊ नका, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबा, दोर बांधून लोकांना अडवा, फोन करा. एवढेच त्यांनी पुन्हापुन्हा सांगितले.

तारीख ठरवताना मात्र सगळ्यांच्या हातून एक गोष्ट निसटली. जिल्हाधिकारी साहेबांची सोय पाहून पोळ्याचा दुसरा दिवस धरला गेला. सुट्टी पोळ्याची, दुसऱ्या दिवशी काय असते हे मुंबईच्या कॅलेंडरात कुठे लिहिलेले असते?

पोळ्याच्या संध्याकाळी ड्रम पहिल्या गावाच्या नाल्याजवळ ठेवला आणि त्याच गावचा एक होमगार्ड पहाऱ्यावर बसवला. सकाळी मी ठाण्यात चहा घेत असताना आमच्या हवालदारांनी फोन माझ्याकडे दिला. पलीकडून होमगार्ड बोलत होता.

"साहेब, ड्रम नाई."

"नाही म्हणजे?"

"मी तोंड धुवाले घरी गेलतो. आलो त जागा रिकामी. अन् साहेब, टपरीवाला म्हणते का पहाटे भंगारवाल्याचा ऑटो तिकडून गेला."

खबर मिळाली की आधी नोंद आणि मग धावपळ, हा नियम मी पाळला. डायरीत लिहिले, नियंत्रण कक्षाला कळवले, नाके सावध केले. बाई विश्रामगृहातून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवेना.

"आत रेती आहे, त्यामुळे कोणाला इजा होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण डबा कारखान्याचा आहे. दुपारी माझे वरिष्ठ कलेक्टर साहेबांबरोबर येतील. डबा चोरीला गेला असं कळलं की ही तालीम इथली शेवटची. गावाला यातलं काही शिकवणं पुन्हा होणार नाही."

त्यांनी स्वतःच्या नोकरीचा उल्लेख केला नाही, हे माझ्या लक्षात आले.

भंगारवाल्याला हवालदारांनी घरून उचलून आणले. हा इसम आमच्या परिचयाचा. त्याच्याकडे यापूर्वी चोरीची तांब्याची तार सापडली होती, त्यामुळे त्याचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते. मी खुर्ची दिली. चौकशीत बसलेल्या माणसाचे हात पाहावेत, चेहरा फसवतो. याचे हात मांडीवर निवांत होते.

"पहाटे नाल्याकडे कशाला गेला होतास?"

"बायकोले माहेरावरून आणाले गेलतो जी. पोळ्याले गेली होती. विचारा तिले."

"ड्रम पाहिलास?"

"पाह्यला ना. लांबूनच ऑटो कडेले घेतला. तुमच्या मॅडमनं सभेत तो पिवळा पंखा दाखवला होता ना, तो होता त्याच्यावर. साहेब, मी पितळ ओळखतो, जस्त ओळखतो. जे ओळखत नाई त्याले मी हातच लावत नाई. धंदा आहे माहा."

हवालदारांनी त्याला दरडावले, "मंग गेला कुठं? उडून गेला काय?"

"तुमीच ठेवला, तुमालेच ठाऊक. मले काऊन विचारून राह्यले?"

बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. इतक्या काळजीतही त्यांच्या ओठांवर हसू आले. आपल्या सभेतले एक वाक्य एका माणसाने घरी नेले होते, याचा तो आनंद असावा. मी त्याला चहा पाजून सोडून दिले.

आम्ही पहिल्या गावात गेलो. चोरी झालेल्या गावाची एक रीत असते. लोक दोन गटांत उभे राहतात, एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पोलिसांना पाहून गप्प होतात. इथे तसे काही नव्हते. पारावर मंडळी खुशीत बसली होती. आमच्या जीपभोवती गर्दी झाली आणि काय चोरीला गेले हे कोणी विचारलेच नाही. गावचे सरपंच, साठीचे गृहस्थ, पुढे आले आणि मलाच धीर देऊ लागले.

"आता काई काळजी नाई साहेब. बसा, कालच्या पुरणपोळ्या आहेत."

"काळजी कशाची नाही?"

"गावात काई राह्यलं नाई आता. सगळं साफ."

माझे लक्ष त्यांच्या मागच्या घराकडे गेले. पोळ्याच्या दिवशी दाराशी लावलेली पळसाची फांदी तिथे नव्हती. कोणाच्याच दाराशी नव्हती. आणि मग मला, याच जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला, तो दिवस कोणता हे आठवले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत निघते. कागद-कामट्यांचा तो बाईचा पुतळा गावभर फिरवतात. घरोघरच्या पळसाच्या फांद्या बरोबर घेतात, रोगराई, साप-विंचू, सगळे घेऊन जा असे मारबतीला ओरडून सांगतात आणि तिला गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. त्या दिवशी वाईट म्हणून जे काही आहे ते शिवेच्या आत राहू द्यायचे नसते.

"सरपंच," मी विचारले, "ड्रम मारबतीबरोबर गेला का?"

"हो जी," ते सरळ म्हणाले. "ट्रॅक्टरवर. गडबड नाई केली. पोरायच्या हातात रबराचे मोजे होते, फवारणीचे. वरून ओले पोते टाकले."

बाई पुढे झाल्या. "काका, मी सभेत सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"सांगितलं होतं बाई. इतर दिवशी असतं त नसता लावला. पण आज कसं ठेवाव तुमीच सांगा."

"पण आत फक्त रेती आहे हेही मी सांगितलं होतं."

"ते बी ठाऊक आहे," सरपंच समजुतीच्या स्वरात म्हणाले. "मारबत तरी काय बाई, कागदाचीच असते."

माझ्या मनात कलमांचा हिशेब चालू होता. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे हेतूत काही खोटच सापडेना.

ड्रम शेजारच्या गावाच्या शिवेवर टाकला होता. तिथे पोहोचलो तर जागा पुन्हा रिकामी. दुसऱ्या गावाची मारबत थोडी उशिरा निघते. आपल्या शिवेवर आलेली वस्तू पाहून त्या मंडळींनी आधी पहिल्या गावाच्या नावाने शिव्या घातल्या आणि मग तीही मारबतीच्या मागे लावून तिसऱ्या गावाकडे रवाना केली. एकाने तर मलाच सुनावले, "त्यायनं आमच्यावर टाकलं, आमी काय पुजाव त्याले?" याबद्दल मी त्यांना फार बोलू शकलो नाही. बेवारस प्रेत हद्दीच्या रेषेवर सापडले की दोन ठाण्यांचे अंमलदार टेप घेऊन कसे मापे काढतात, हे मला ठाऊक होते.

जीपमध्ये बाई म्हणाल्या, "साहेब, हे असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत डबा चंद्रपूरला पोहोचेल." त्या हसल्या खऱ्या, पण सारखे घड्याळ पाहत होत्या. जिल्हाधिकारी साहेबांची गाडी वर्ध्याहून निघाल्याचा निरोप आला होता.

तिसऱ्या गावाच्या शिवेवर बाभळीखाली ड्रम उभा होता. त्याच्याभोवती बऱ्याच अंतरावर बैलांचे कासरे एकमेकांना बांधून मोठे रिंगण केले होते. कासऱ्यांना कालच्या पोळ्याचे रंगीत गोंडे तसेच होते. लोक रिंगणाबाहेर होते आणि सगळे एकाच बाजूला, पश्चिमेला. वारा तिकडूनच येत होता. लोकांच्या पुढे गावच्या पोलीस पाटील बाई काठी घेऊन उभ्या होत्या. चाळिशीच्या शेतकरी बाई. गावाची मारबत, ड्रमच्या बरीच अलीकडे, रस्त्यात थांबवून ठेवली होती आणि ती धरलेली तरुण मंडळी कुरकुरत होती.

मला पाहताच पोलीस पाटील बाईंनी तक्रार केली, "अजी साहेब, केव्हाची फोन लावून राह्यली. ठाण्याचा बिझी, तुमचा बी बिझी."

फोन बिझी होता, कारण आम्ही सगळे त्याच ड्रमचा शोध घेत होतो.

"तुम्ही का नाही पुढे ढकलला?" मी विचारले.

त्यांनी काठीने पलीकडचे गाव दाखवले. "तिकडं माही बहीण दिली आहे. तिच्या शिवेवर नेऊन टाकू काय मी हे? मी तिलेच पयले फोन केला. म्हटलं, इकडं कोणी येऊ नका, पोरायले आवरून ठेवा. मंग तुमाले लावला."

"रिंगण एवढं मोठं का केलं?" सुरक्षा अधिकारी बाईंनी विचारले.

"तुमीच त म्हटलं होतं बाई, जितकं लांब तितकं बरं. कासरे होते तेवढे लावले. बैलवाले बोंबलून राह्यले, संध्याकाळी सोडून देजो म्हणते."

तालीम तिथेच घ्यायचे ठरले. जिल्हाधिकारी साहेबांना निरोप गेला की तालमीची जागा बदलली आहे. ते आले, कारखान्याचे वरिष्ठ आले. जागा का बदलली, असे वरिष्ठांनी जरा तिखटपणे विचारले. मला वाटले, बाई काहीतरी कारण पुढे करतील. त्यांनी सगळे खरे सांगितले, पुरणपोळ्यांसकट. शेवटी म्हणाल्या, "सर, दोन गावांनी डबा हलवला, ती चूक माझ्या योजनेतली आहे. मी तारीख पाहिली नाही. तिसऱ्या गावानं जे केलं ते मात्र कोणी समोर उभं राहून करून घेतलेलं नाही."

वरिष्ठ रिंगणाभोवती एक फेरी मारून आले. गोंडे लावलेला कासरा त्यांनी हातात धरून पाहिला. मग पोलीस पाटील बाईंना म्हणाले, "ताई, हे सोडू नका. आमची टीम इथूनच काम सुरू करेल." तालीम सुरू झाली. मारबत धरून बसलेल्या तरुणांना, सुरक्षा अधिकारी बाईंनीच सुचवल्याप्रमाणे, दुसऱ्या वाटेने, ड्रमवरून वारा वाहत होता ती बाजू टाळून, शिवेबाहेर जाऊ दिले. जिल्हाधिकारी साहेबांनी मारबतीला हात जोडले. गुन्हा दाखल झाला नाही. ड्रम मिळून आल्याचा पंचनामा मीच लिहिला आणि पंच म्हणून पहिल्या गावच्या सरपंचांची सही घेतली. त्यांनी ती फार रुबाबात केली.

पुढे त्या गावांतल्या सभा चालू राहिल्या. आणीबाणीच्या योजनेत आणखी एक कलम वाढले: धोक्याची खबर प्रशासनाबरोबरच लगतच्या गावांनाही द्यावी. ते कलम कोणामुळे आले हे कागदावर नाही, म्हणून इथे लिहून ठेवले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, हे सांगण्याचा अधिकार मला आहे की नाही, कोण जाणे. पण नोकरीभर मी असे धरून चाललो होतो की आणीबाणीत माणसे एक तर पळतात नाही तर गर्दी करतात. त्या सकाळी कोणी पळाले नाही आणि कोणी लुटायलाही धावले नाही. त्यांनी आपले गाव वाचवले, मनापासून वाचवले. फक्त ते आपल्या शिवेपर्यंतच. ज्या बाईला शिवेपलीकडे आपले माणूस दिसले तिच्यापाशी तो ड्रम थांबला. कोणत्याही योजनेत मला पहिल्यांदा हेच शोधावेसे वाटते की, पलीकडच्या माणसाचा विचार कोणाच्या मनात आहे.

म्हणून वाचकहो, संकोचाने एवढेच विचारतो. उद्या तुमच्या शिवेवर असे काही येऊन पडले, तर पलीकडच्या गावात फोन करायला तुमच्याजवळ कोणाचा नंबर आहे?