सातव्या धड्याची सहावी पायरी

आठवीतून शाळा सोडली आणि फौजेतल्या मामाच्या मागोमाग दिल्लीला आलो. आज मी संगणकाची पुस्तकं छापतो, दरवर्षी शाळांना ती भेटही देतो. देवानं आणि मामानं भरपूर दिलं. पण शाळेत व्यासपीठावर बसवलं की भीती वाटते. कुणी विचारलं, "साहेब, शिक्षण किती?" तर?

या भीतीतूनच एक पद्धत पडली. पुस्तक फरीदाबादच्या छापखान्यात जाण्याआधी त्यातली प्रत्येक पायरी मी स्वतः संगणकावर करून बघतो. मला जमली तर कुणालाही जमेल. आमच्या संपादक बाई म्हणतात, "साहेब, तुम्ही अडलात की पुस्तक नापास!"

एकदाच चुकलो. अंगात ताप, छापखान्याची घाई. सातवा धडा न करताच सोडला. पुस्तकं पहाडगंजातल्या मराठी शाळेत गेली. तिथले संगणकही आम्हीच दिलेले.

पंधरा दिवसांनी द्वारकेच्या घरी तो धडा करायला बसलो. धडा होता पेनड्राइव्ह पुसण्याचा. सहाव्या पायरीत छापलेलं नाव निवडलं, तर पेनड्राइव्हऐवजी माझा लॅपटॉपच कोरा झाला.

तसाच मेट्रोनं शाळेकडे निघालो. मुलांची वर्षभराची कामं त्या यंत्रांत होती. शाळेत फोन लावत होतो, कुणी उचलत नव्हतं.

संगणकाच्या वर्गाच्या दारातूनच ओरडलो, "थांबा! सातव्या धड्यातलं काही दाबू नका!"

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काका, आम्ही कुठे दाबलंय? स्क्रीनवर पेनड्राइव्हचं वेगळंच नाव येत होतं. पहिल्या पानावर तुम्हीच लिहिलंय ना, कळलं नाही तर दाबू नका, विचारा."

ते वाक्य मी हट्टानं प्रत्येक पुस्तकात घालतो.

"मग सरांना विचारलंत?"

"विचारलं. सर म्हणाले, अरे, बिल्कुल घाबरू नका, मी दाखवतो. त्यांचा संगणकच उडाला."

वर्ग खिदळला. कोपऱ्यात सर पाठमोरे बसले होते, समोर काळी स्क्रीन. मागच्या परीक्षेचे गुण त्यात होते.

"सर, चूक माझी," मी म्हणालो. "हा धडा मी तपासला नाही. मला स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. आठवीच शिकलोय मी."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच बाहेर पडलं.

"अच्छा! म्हणजे आम्ही पुढे," ती मुलगी म्हणाली. "आम्ही नववीत." आणि बाकावर सरकून तिनं जागा केली. "बसा काका. बरोबर पायरी कोणती ते शोधू."

बसलो. बटणावर बोट ठेवलं, पण दाबण्याआधी सहाव्या पायरीची ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलो.