डेल्फीनच्या हरणाचं जेवण

ऑर्विल सुलिये इतकी वर्षं माझ्या शेजारी राहिला, त्याच्या चुलीचा धूर माझ्या अंगणात यायचा, आणि तरीही तो माणूस कसा होता असं कुणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. आम्ही दोघंही कमी बोलणारे. अशी दोन माणसं शेजारी राहायला आली की लोकांना वाटतं, यांचं फार सूत जमलंय. ऑर्विलला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसत आलो होतो, आणि तो मान हलवत आला होता.

मला जे थोडंफार माहीत आहे ते एका हरणापुरतं आहे. तेवढं लिहून ठेवतो. त्यातही काही चुकलं असेल.

लहानपणी ऑर्विलला सरकारी माणसांनी दूरच्या शाळेत नेलं होतं. आम्ही ओजिब्वे, अमेरिकेतले मूळचे लोक; आमच्या बऱ्याच घरांतली पोरं तशी गेली. तिथे आपली बोली बोलू देत नसत. तिथून तो मिसरूड फुटल्यावर परत आला तेव्हा स्वतःच्या आजीशी बोलायला त्याच्याकडे आपली भाषा राहिली नव्हती. पुढे तो उत्तरेकडे लाकूडतोडीच्या कॅम्पात गेला. तिथल्या फिनलंडकडच्या लोकांनी त्याला बंदूक धरायला शिकवलं. त्याचं पहिलं हरीण तिथेच पडलं. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच दिवशी कलेजी कांद्यावर परतली आणि पहिला तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. त्यांच्यात तसंच करतात.

आमच्यात तसं नाही. आमच्यात मुलाचं किंवा मुलीचं पहिलं हरीण अख्खं गावाचं असतं. घरात काही ठेवायचं नाही, आणि ज्यानं मारलं त्यानं तर आधी चाखायचंही नाही. सगळे जमले की गावातलं एखादं म्हातारं माणूस चमच्यात मांस घेऊन मुलाच्या तोंडाशी नेतं. मूल मान फिरवतं आणि म्हणतं, ज्यांच्या घरात शिकारीला जाणारं कुणी नाही त्यांना आधी द्या. पुन्हा चमचा येतो, पुन्हा ते कुणाचं तरी नाव घेतं. शेवटी म्हातारं माणूस म्हणतं, सगळे जेवले, आता तू खा. तो घास खाल्ला की पोर मोठ्या माणसांत जमा.

गावात परत आल्यावर ऑर्विल अशा प्रत्येक जेवणाला यायचा आणि भिंतीला टेकून उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "मला अजून कुणी 'आता तू खा' म्हटलेलं नाही बरं का." हसत म्हणाला, म्हणून मीही हसलो.

डेल्फीन ही त्याची एकुलती एक मुलगी. ती अकरा वर्षांची झाली त्या हिवाळ्याच्या तोंडाला तो तिला घेऊन निघाला. दलदलीच्या वरच्या अंगानं हरणं खाली हाकायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला बोलावलं. डेल्फीननं आईचा लाल कोट घातला होता आणि बाह्या दुमडल्या होत्या.

"कोट खराब करू नकोस हं," तिची आई मर्ना दारातून म्हणाली. "हरीण नाही मिळालं तरी चालेल, पण कोट परत आण."

"आणि मी?" ऑर्विलनं विचारलं.

"तुझं बघू नंतर."

त्या दोघांना मी खालच्या अंगाला, पडलेल्या सीडरच्या झाडामागे बसलेलं सोडलं आणि लांबचा वळसा घेऊन वर गेलो. मला ओरडायला संकोच वाटतो. माणसं नसली तरी वाटतो. मी काठीनं झाडांवर टकटक करत, मधूनच हो हो करत खाली येऊ लागलो. मग एक गोळी ऐकली. त्यानंतर काहीच नाही.

मी पोचलो तेव्हा डेल्फीन उठायला धडपडत होती आणि ऑर्विलनं तिच्या कोटाची मागची बाजू धरून ठेवली होती.

"बाबा, ते गेलं! त्या झुडपात गेलं! सोड ना!"

"बस. आत्ता मागे लागलीस तर ते पळत राहील. त्याला कुठेतरी निजू दे."

बर्फावर रक्ताचे थेंब होते. चांगला वेळ बसून झाल्यावर आम्ही मागावर निघालो. पुढे डेल्फीन, मागे ऑर्विल, त्याच्या मागे मी. हरीण एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी पडलं होतं. मान खाली होती, पण पोट हलत होतं.

"तू मार, बाबा," डेल्फीन म्हणाली.

"माझं नाही ते."

"मला नाही जमणार."

"बरं. मग थांबू. पण त्याला दुखतंय."

तिनं बंदूक वर केली. दुसऱ्या गोळीनंतर सगळं शांत झालं आणि ती रडायला लागली. तोंड उघडं टाकून, नाक न पुसता. ऑर्विलनं खिशातून तंबाखूची चिमूट काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती हरणाचे आभार म्हणून त्याच्या डोक्याशी वाहिली. मग तो तिच्याकडे पाठ करून जंगलाकडे बघत उभा राहिला. मी ज्या बाजूला होतो तिथून मला त्याचा चेहरा दिसत होता. त्याचेही डोळे वाहत होते. तिला फक्त पाठ दिसली असणार.

ओढत आणताना मात्र तिच्या तोंडाची टकळी सुरू झाली. "विल्बरकाका, तुमचं ते हो हो ऐकून हरीण कंटाळून बाहेर आलं असणार."

"कंटाळून नाही," ऑर्विल म्हणाला. "दया येऊन. त्याला वाटलं, हा म्हातारा हरवलाय."

त्या वेळी मी म्हातारा नव्हतो. वाटभर ती कुणाकुणाची नावं घेणार ते ठरवत होती. डोळे गेलेला बॅसिल नक्की होता. नदीपलीकडच्या एकट्या बाईचं नाव आधी घ्यावं की नंतर, यावर तिचं आणि बापाचं बराच वेळ चाललं होतं. आमच्याकडे तेव्हा असल्या जेवणाला चमचा जोसेट आजीच्या हातात असायचा. "आजीनं चमचा पुढे केला की लगेच बोलू, की जरा थांबून?" डेल्फीन विचारत होती. ऑर्विल म्हणाला, "जरा थांबून. भूक लागल्यासारखं दिसायला पाहिजे." मी त्याला इतकं बोलताना ना आधी ऐकलं होतं, ना नंतर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी लाकडं फोडत होतो. ऑर्विल स्वच्छ सदरा घालून जोसेट आजीच्या घराकडे जाताना दिसला. जेवणाचा दिवस तिला विचारून ठरवायचा असतो. तो दारापाशी पोचला, ठोठावायला हात वर केला, आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग टोपी सारखी करून परत फिरला.

पुढे जे झालं ते गावाला कळलं नाही, मलाही नाही. एका सकाळी लोक उठले तर दारादारांत कागदात बांधलेलं मांस ठेवलेलं. माझ्या दारात मागची तंगडी होती. बॅसिलच्या दारात होतं, नदीपलीकडेही पोचलं होतं. हरीण सगळं वाटलं गेलं होतं, पण जेवण नव्हतं.

कुंपणापलीकडून मर्नाचा आवाज आला. "अरे, पण झालं काय ते तरी सांगशील? जोसेट आजी काय तुला गिळणार आहे?"

"पुढच्या हरणाला करू," ऑर्विल म्हणाला.

डेल्फीन पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "पुढचं पहिलं कसं असेल?"



पुढच्या वर्षी ऑर्विलनं बंदूक पुसून तयार ठेवली आणि तिला हाक मारली. ती म्हणाली, माझा अभ्यास आहे. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाली, थंडी आहे. मग त्यानं विचारणं सोडलं. तो एकटा जायचा किंवा मला घेऊन जायचा. डेल्फीन शिकून डुलुथ शहरात गेली, तिथे एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली. फोनवर बापलेक हवेबद्दल बोलायचे. ऑर्विल वखारीत काम करत होता, ती बंद झाल्यावर शाळेची बस चालवायचा, आणि बसमधली पोरं त्याला घाबरत नव्हती. त्याच्याबद्दल आणखी सांगण्यासारखं मी काही पाहिलं नाही.

मग बऱ्याच वर्षांनी आणखी एक जेवण होतं. रीनो नावाच्या एका जाड्या, मोठ्या आवाजाच्या माणसाच्या पोराचं. जोसेट आजी तेव्हा फारच थकली होती, तिला खुर्चीसकट उचलून गावाच्या हॉलमध्ये आणलं होतं. तिनं चमचा उचलला तेवढ्यात रीनो ओरडला, "थांब आजी! एक सांगायचं राहिलं. या हावरटानं गाडीतच तुकडा चाखलाय. काल धुरी दिलेलं मांस आणत होतो, बघतो तर याचे गाल फुगलेले!"

पोरगं लाल झालं. सगळा हॉल आजीकडे बघायला लागला.

"मग?" आजी म्हणाली. "पोट आहे त्याला, चाखणारच. आज सकाळपासून काही खाल्लंय का त्यानं?"

"नाही."

"झालं तर. उपास घडला. अशी किती पोरं मी पाहिली. तुझा बाप तर अख्खी बरगडी खाऊन आला होता, रीनो."

सगळे हसले. मीही हसलो. शेजारी ऑर्विल उभा होता, त्यानं हातातली थाळी खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, गरम होत असेल.

परत जाताना मी त्याच्या पिकअपमध्ये बसलो. त्यानं किल्ली फिरवली नाही.

"हरीण आणलं त्या दिवशी मी कलेजी परतली होती," तो म्हणाला. "कांदा घालून. मर्ना कामावर होती. पोरगी हात धुऊन आली आणि मी माझ्या हातानं तिला भरवली. कॅम्पात आम्ही तसंच करायचो रे. आनंदात होतो. डोक्यातच आलं नाही."

"कधी आलं मग?"

"रात्री आडवा झाल्यावर."

मी म्हणालो, "आजीला विचारायचं होतंस की."

"दारापर्यंत गेलो होतो. वाटलं, ती म्हणेल, शाळेत वाढलेला हा, याला आपलं काय कळतंय." त्यानं स्टिअरिंगवर तळहात आपटला, जोरात नाही. "आज बघितलंस ना? रीनो सगळ्यांसमोर ओरडला. आणि ती हसली."

"डेल्फीनला माहीत आहे?"

"काय सांगू तिला? कलेजीसाठी तुझं जेवण घालवलं म्हणून?"

मग म्हणाला, येईल तेव्हा सांगतो. ती नाताळला आली. मी विचारलं, सांगितलंस का, तर म्हणाला, तिची गाडी तेल गळत होती, त्यातच वेळ गेला. त्यानंतर जोसेट आजी वारली. मग मर्ना गेली. ऑर्विलच्या घरात स्वयंपाक बंदच झाल्यासारखा होता.

गेल्या वसंतात एका शुक्रवारी बस उभी करून तो उतरला आणि तिथेच पायरीवर बसला. तो उठला नाही. लोक म्हणाले, त्रास झाला नाही. लोक असं म्हणतातच.

मातीनंतर गावानं हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. मी आणि डेल्फीन मागे भांडी घासत होतो. ती घासत होती, मी पुसत होतो. तिचे केस आता पांढरे व्हायला लागले आहेत.

ती म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी होतात. मी रडले म्हणून बाबानं माझं जेवण केलं नाही ना?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"पाठ फिरवून उभा राहिला होता तो. मला वाटलं, शरम वाटली माझी. म्हणून मग मी परत गेले नाही. कोण परत रडणार?"

मी तिला कलेजीचं सांगितलं. जसं जमलं तसं सांगितलं. जोसेट आजी काय म्हणाली तेही सांगितलं. तो स्वतः रडत होता हेही सांगितलं. नळ चालूच होता.

"कलेजी?" ती म्हणाली. "कांद्याची? आठवतेय की मला. कांदा जरा करपला होता. मी आणखी मागितली आणि त्यानं दिली." मग बराच वेळ ती एकच थाळी धूत राहिली. "मला वाटायचं, त्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट नीट झाली होती."

मी नळ बंद केला. दुसरं काय करणार होतो?

ऑर्विल मला शेवटचा भेटला तो त्याच शुक्रवारी सकाळी, पेट्रोल पंपावर. बसचं पुढचं चाक जरा बसलं होतं, त्यात तो हवा भरत होता. या वेळी मी उजव्या बाजूला उभा राहिलो.

"रविवारी डेल्फीन येतेय," तो म्हणाला.

"बरं झालं. थांबणार आहे?"

"दोन दिवस म्हणतेय. तिला हल्ली काय आवडतं रे खायला? मला माहीतच नाही."

"मग विचार की तिला."

"हं," तो म्हणाला. "विचारतो."