बेंजोवाल्याचा चहा

मामेभावाच्या हळदीला बेंजो पार्टी आली होती. गाण्यांवर गाणी वाजत होती आणि खुर्च्यांवरच्या बायका नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. मग बेंजोवाला घाम पुसायला थांबला. सूर गेला, ढोल-ताशे तेवढे उरले, आणि माझी मामी पदर खोचून उठली. मागोमाग अख्खी रांग उठली.

"मामी, गुडघा," मी म्हटलं.

"गुडघा उद्या," मामी म्हणाली.

सतत रॅप ऐकणारी माझी भाची शेजारी हसत होती. "मावशी, हिप-हॉप असंच जन्मलं."

न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत म्हणे पार्ट्यांत तबकड्या लावणाऱ्यांच्या लक्षात आलं, की गाणारा गप्प होऊन फक्त ड्रम उरतात तेव्हाच लोक खरे नाचतात. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग त्यांनी एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या आणि तोच तुकडा आलटून-पालटून वाजवत संपूच दिला नाही. शब्द, म्हणजे रॅप, नंतर आले. कुणी त्यावर वस्तीचं दुखणं मांडलं, कुणी नुसती फुशारकी मारली, आणि एकेकाचा वेगळा प्रकार होत गेला.

मला गंमत वाटली. एवढं मोठं संगीत, आणि ते सुचलं नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून.

इतक्यात बेंजोवाल्याने रुमाल खिशात घातला आणि तारांकडे हात नेला. मामी नाचता नाचताच त्याला म्हणाली, "दादा, तुम्ही चहा घ्या निवांत."