बारा महिन्यांचं पाणी

"घरात कोन कोन हाये?"

मासा मागायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी हेच विचारायचा. किमतीचं नंतर. नवीन गिऱ्हाईक गोंधळून बायको, दोन पोरं, म्हातारी आई अशी मोजणी सुरू करायचं. तो शांतपणे म्हणायचा, "काचेच्या घरात, भाऊ."

गोंदिया स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. खांद्यावर दुपट्टा टाकावा तशी हिरवी जाळी आणि कोपरापर्यंत ओली बाही. खाऱ्या पाण्यातले, समुद्राचे मासे ठेवणारा गावात तो एकटाच. समुद्र त्याने पाहिलेला नव्हता. मासे मुंबईहून रेल्वेने पिशव्यांत यायचे.

मी धानाचा दलाल. पोती उचलण्यापासून सुरुवात केली, मुर्रीकडे दोन मजली घर बांधलं, आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात पाहिली तशी चार फुटी समुद्री टाकी बैठकीत बसवली. घासाघीस न करता मी कधी काडेपेटीही घेतलेली नाही. मिठावर, दगडांवर, दिव्यांवर तो लगेच भाव सोडायचा. अडायचा माशावर, आणि तेही भावासाठी नाही. मासा द्यायचा की नाही, यावरच.

सुरुवातीला मी डॅमसेल नावाचे बोटाएवढे चपळ निळे मासे डझनभर मागितले. सगळ्यांत स्वस्त तेच होते. तो नाही म्हणाला. "आज थो पाव्हना म्हनून येते, सेठ, आन् उद्या घरमालक बनते. मंग मागून येनाऱ्याले दारातच मारते." आधी लाजरे सोडायचे, भांडखोर शेवटी, असा त्याचा क्रम. पहिल्या महिन्यात वाळूत बसून राहणारा गोबी दिला, मग नारिंगी क्लाउनची जोडी, आणि वर्ष होत आलं तेव्हा एक पिवळा टँग, तळहाताएवढा आणि तसाच पसरट. चार फुटांत एवढेच. पैसे मोजून रिकामं पाणी पाहत बसायचं, हे मला पटत नव्हतं.

हे तो कुठे शिकला, ते स्वतःच हसत सांगायचा. घराणं कामठ्याकडचं, ढिवराचं, तलावात मासे सोडणारं. कतला वर खातो, रोहू मधात, मिरगल तळाशी. तिघं एका तलावात सुखाने वाढतात, हे बापाने शिकवलेलं. पहिली समुद्री टाकी त्याने त्याच हिशोबाने भरली. एक वरचा, एक मधला, एक खालचा. आठवड्यात एकच उरला. "तालातल्या माशाले खायाची जागा लागते," तो म्हणायचा, "याहिले राहाची."

एकदा त्याच्याकडे निळा टँग आला. आकाशी अंग, पाठीवर पिवळी पट्टी. मी दुकानात उभा राहून भाव वाढवत गेलो. तो मान हलवत राहिला. पिवळ्याची आन् याची एकच बनावट, एकाच दगडावरचं शेवाळ खाणार, एकाच कपारीत झोपणार, जमणार नाही. चार गिऱ्हाइकं ऐकत होती. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या आठवड्यात तोच मासा त्याने एका ठेकेदाराला दिला, मी बोललो होतो त्याच्या निम्म्या भावात. ठेकेदाराची टाकी सहा फुटी होती आणि तिच्यात दुसरा टँग नव्हता, हे मला माहीत होतं. तरी राग गेला नाही. आजही पुरता गेलेला नाही.

मी नागपूरहून तसाच निळा आणला.

तिसऱ्या दिवशी निळा पंपामागे अडकल्यासारखा उभा होता. पंख फाटलेले, अंगावर चिरा. पिवळ्याच्या शेपटीशी पात्यासारखा काटा असतो. मी दुकानावर फोन केला नाही. बायकोने केला.

दुकानदार लुनावरून आला. बायकोकडून आरसा मागून घेतला आणि टाकीच्या काचेला बाहेरून टेकवला. पिवळा निळ्याला सोडून स्वतःच्याच तोंडाशी भांडत सुटला. बायकोला हसू आलं, आणि ती माशाकडे पाहत नव्हती. पण निळा काही बाहेर येईना, खाईना.

"याले माह्याकडे द्या," तो म्हणाला. "नाही तं मरते."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय देशील?"

बायको आत निघून गेली. त्याने ओली बाही वर सारली. "सहा महिने टाकीचं पानी बदलून देतो. फुकट."

"बारा," मी म्हणालो.

"बारा," तो म्हणाला आणि बादली मागितली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण सहज काही बोलून बसतो आणि ती ते खरं करून दाखवतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लुनाला दोन कॅन बांधून तो यायचा, जुनं पाणी काढायचा, मीठ मिसळलेलं भरायचा, चहा घेऊन जायचा. निळा त्याच्या दुकानात बरा झाला. कुणी भाव विचारला तर म्हणायचा, विकाचा नाही. राहू दे आता, असं म्हणायला मी दर रविवारी ठरवायचो. नवव्या महिन्यात त्याचे डोळे काविळीने पिवळे दिसले आणि कॅन सोबत आलेल्या धाकट्या भावाने उचलले, तेव्हा एकदाचा म्हणालो.

"बारा बोललो होतो, सेठ," तो म्हणाला आणि पायरीवर बसून भावाला कुठली नळी कुठे ते सांगत राहिला.

बारा पुरे केले. तेराव्या महिन्यात तो गेला. मला सूट द्यायची संधी त्याने दिलीच नाही.

दहा-बारा दिवसांनी मी दुकानावर गेलो. टाक्या रिकाम्या होत चालल्या होत्या. कोपऱ्यात निळा एकटा फिरत होता. भाऊ संकोचून म्हणाला, "दादानं सांगून ठेवलं, हा बालाघाटच्या डाक्टरले द्याचा. त्याहिची टाकी मोठी हाये. तुमाले नाही द्याचा म्हने. पिवळा अजून हाये तुमच्या घरी."

माझं डोकं तापलं. मेलेल्या माणसाने मला नकार दिला होता.

"आन् गाडी मात्र तुमचीच मांगजो म्हने," भाऊ पुढे म्हणाला. "सेठ घासाघीस करतीन, पन नाही म्हननार नाही."

मी घासाघीस केली नाही. झाकणाची बादली मागच्या सीटवर पट्ट्याने बांधली आणि एकटाच निघालो. बालाघाटच्या रस्त्यावर गाडी जेमतेम सायकलच्या चालीने नेली. मागचे ट्रक हॉर्न मारून शिव्या देत पुढे जात होते. सगळा रस्ता मी त्याच्याशी मोठ्याने भांडत होतो. ठेकेदाराचं काढलं, निम्म्या भावाचं काढलं, बारा महिन्यांचं काढलं. खड्डा दिसला की तेवढा गप्प होत होतो.